शाही जेवणातला घास

मामा,

आपल्या 'हॉटेल या-बसा' सीरियलचा शाही जेवणाचा भाग अजून लॅपटॉपवर तसाच पडून आहे. प्रकाश म्हणतो, तुमच्यावर काहीतरी लिहून दे, आपल्या चॅनलवर टाकू. तुम्ही कधी जन्मलात, एसटीत कुठल्या कुठल्या मार्गावर कंडक्टर होतात, माघारी कोण कोण आहे, असलं. ते सांगवीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला ते लिहायला जमतही नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं. आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

मी प्रकाशशी लग्न करून निरवांगीहून या घरात आले तेव्हा पहिली काही वर्षं तुमच्याशी धड बोललेही नव्हते. आपल्यात सासऱ्यापुढं सून बसत नाही. तुम्ही ओट्यावर, मी स्वयंपाकघरात सासूच्या, म्हणजे आत्यांच्या, हाताखाली. पण रिटायर झाल्यावर तुम्ही ओट्यावर बसून एसटीतल्या गमती सांगायला लागलात. कोंबडीचं तिकीट काढायला नको म्हणून ती पदराखाली लपवणारी म्हातारी, इंदापूरला उतरायचं असताना झोपून थेट टेंभुर्णीला पोचलेला नवरदेव. ऐकता ऐकता मी भाकरी करपवायचे. आत्या मला रागवायच्या आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातलीच एक गंमत मी लिहून काढली, प्रकाशनं मोबाईलवर शूट केली, आणि तुम्ही झालात रस्त्यावरच्या एका चालत नसलेल्या हॉटेलचे मालक, बापूराव. हॉटेल खरं होतं, प्रकाशच्या मित्राचं, निमगाव केतकीच्या भारतभाऊंचं. दुपारची जेवणं उरकली की संध्याकाळची गिऱ्हाइकं येईपर्यंत ते आपल्याला मोकळं मिळायचं.

पहिल्या शूटिंगला मी डोक्यावर पदर घेऊन, दाराआड उभी राहून प्रकाशला सांगत होते की मामांना जरा डावीकडं बघायला सांगा. तुम्ही खुर्चीतून उठलात, माझ्यासमोर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "वैशाली, हितं मी तुझा सासरा न्हाय. हितं मी तुझा नट हाय. मला सांग, काय करू."

मामा, ते वाक्य तुम्हाला किती साधं वाटलं असेल. त्या दिवसापासून मी या घरात मोठ्यानं बोलायला लागले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

शाही जेवणाचा भाग मीच लिहिला होता. बापूरावांना कुठून तरी कळतं की मुंबईचा एक मोठा साहेब हॉटेलांना स्टार द्यायला येतोय. नेमका त्याच दिवशी आचारी पळून जातो आणि वेटर सुट्टीवर. मग बापूराव एकटेच मालक, आचारी आणि वेटर. टोपी बदलली की माणूस बदलला. टोमॅटोच्या साराला सूप म्हणायचं, काटेचमचे उलटसुलट मांडायचे, आणि घाईत पनीरच्या भाजीत मिठाचा डबाच सांडायचा. पाहुण्याला संशय येतो आणि तो म्हणतो, आधी तुम्ही खाऊन दाखवा. बापूरावांनी तो खारट घास हसतमुखानं गिळायचा आणि 'वा' म्हणायचं. शेवटी कळतं की हा साहेब नाहीच, हा नुसता इंदापूरचा रस्ता विचारायला थांबला होता.

पाहुणा झाले होते भारतभाऊ, जावयाचा लग्नातला कोट घालून. टेबलावर आत्यांच्या पांढऱ्या चादरी होत्या, इस्त्री केलेल्या. सकाळपासून तुम्ही खुशीत होतात. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते आणि दरवेळी आवाजासाठी थांबावं लागत होतं, तरी तुमचा उत्साह कमी होत नव्हता. सूप सांडलं, काटा उडून भारतभाऊंच्या मांडीवर पडला, सगळं ठरल्यापेक्षा छान बिघडत होतं.

मग तो घास आला.

तुम्ही नानचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. चावलात. चेहरा असा केलात की भारतभाऊंचे खांदे हलायला लागले. आणि मग घास पुढं जाईना. तुमचे डोळे भरून आले. हात छातीच्या मधल्या हाडावर गेला. तो हात मी लिहिलेला नव्हता. तुम्ही पाहुण्याकडं बघून हसलात, रुमाल ओठांना लावलात, एक बोट वर करून 'आलोच' अशी खूण केलीत आणि मोठ्या रुबाबात चालत बाहेर निघून गेलात. भारतभाऊ टेबलावर डोकं ठेवून हसत होते. प्रकाशचा कॅमेरा हसून हसून हलत होता.

मला हसू आलं नाही, कारण गेले काही आठवडे मी तुमचं ताट बघत होते. आधी भाकरी कुस्करून दुधात घ्यायला लागलात. मग भाकरी कमी आणि दूध जास्त. मग आमटीचं वरचं पाणीच. आत्या विचारायच्या तर म्हणायचात, दाढ दुखतीय. पट्ट्याला तुम्ही खिळ्यानं एक नवं भोक पाडलं होतं. मी ते बघितलं होतं आणि मनातल्या मनात दाढ, दाढ, दाढ असं घोकत होते.

मी बाहेर आले, तर मागं पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही वाकून उभे होतात. एक हात भिंतीला. घास तसाच बाहेर पडला होता, न चावल्यासारखा, फेसात. तुम्ही पायानं त्याच्यावर माती लोटलीत.

"ठसका लागला," तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले, "मामा, हा ठसका नाही."

तुम्ही तोंड धुतलंत, बराच वेळ धुतलंत. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "घरात बोलायचं न्हाय. तुझ्या आत्यापाशी तर न्हायच न्हाय."

"मी बोलणार," मी म्हणाले.

या घरात तुम्हाला असं कोणी म्हटलं नव्हतं. तुम्हीच मला दिलेला आवाज मी तुमच्यावर वापरत होते. तुमच्या रागाला मी भीत नव्हते. त्या मातीखालच्या घासाला भीत होते. माझ्या निरवांगीच्या चुलत्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी भाकरी उतरेना, मग भात, मग पाणी. पुढचं सगळं मला माहीत होतं आणि ते तुम्हाला माहीत नसावं असं वाटत होतं. पण तुमच्या डोळ्यांत बघितल्यावर कळलं की तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत होतं.

गाडीत मी मागं बसले होते. सांगवी यायच्या आत मी प्रकाशला सांगितलं, तुमच्यासमोरच. तुम्ही काचेबाहेर उसाकडं बघत राहिलात. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी केलेला चहा घ्यायचात आणि रिकामा कप माझ्या हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवायचात.

बारामतीत दुर्बीण घालून तपासून झाल्यावर आपण दोघं बाहेर बाकावर बसलो होतो आणि डॉक्टरांनी प्रकाशला एकट्याला आत बोलावलं. समोर एक बाई नातवाला बिस्किट भरवत होती. तो खात होता आणि आपण दोघंही त्याच्याकडं बघत होतो. दार उघडेना. माझ्या कानात नुसतं पंख्याचं घुमणं. तुम्ही एकदम बोललात, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "आत काय सांगत्यात ते तुझ्या तोंडावर दिसतंय, पोरी." मी मान खाली घातली. थोड्या वेळानं म्हणालात, "तू बराबर केलंस. पर मला राग आलाय तुझा. तो ऱ्हाऊ दे जरा."

मी म्हणाले, राहू दे. त्या रागाचा मला आधारच वाटला. जो माणूस रागावू शकतो तो अजून बराच इथला आहे, असं वाटायचं.

मग पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जायचं, यायचं, पुन्हा जायचं. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. तुम्ही सकाळी घसा खाकरायचात आणि स्वयंपाकघरात पिठात बुडालेले माझे हात थांबायचे. तुम्ही पाणी मागेपर्यंत हलायचे नाहीत. फोन वाजला की आत्या हातातलं भांडं खाली ठेवायच्या, मग उचलायला सांगायच्या. आम्ही सगळे असे हळूहळू वागायला लागलो होतो, जणू जोरात पाऊल टाकलं तर काहीतरी फुटेल. तुम्ही एकटेच पहिल्यासारखे. शेक घ्यायला रांगेत बसलेल्यांना एसटीतल्या गमती सांगायचात. प्रकाश सांगायचा, त्यांचा नंबर लागला की लोक हळहळतात.

आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, त्या भागाचा शेवट राहिलाय, तो घेऊन टाकू.

मी नको म्हणाले, प्रकाश नको म्हणाला, आत्या तर रडल्याच. पण तुम्ही ऐकणारे नव्हतात. निमगावला पोचलो तेव्हा भारतभाऊ तुम्हाला बघून क्षणभर कोटाची बटणं लावायचं विसरले. तुमचा सदरा अंगावर लोंबत होता. मी मागून टाचण्या लावून तो बसवला. टाचणी लावताना माझ्या बोटांना तुमच्या पाठीची हाडं लागत होती आणि मी मनात म्हणत होते, मला हे नको कळायला. तुमचा आवाज बसला होता. संवाद निघेनात. मग तुम्ही म्हणालात, संवाद काढून टाक. पाहुणा इंदापूरचा रस्ता विचारतो आणि बापूराव काहीच बोलत नाहीत. आधी टेबलाकडं बघतात, मग चादरीवरच्या डागांकडं, मग हातातल्या तीन टोप्यांकडं, आणि शांतपणे रस्त्याकडं हात करतात. मी लिहिलेल्या पानभर बडबडीपेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. कुणी हसलं नाही. भारतभाऊ तोंड फिरवून आत गेले.

त्यानंतर भांडण. तुम्ही लॅपटॉपवर सगळे तुकडे बघितलेत आणि त्या घासाशी येऊन थांबलात. पुन्हा लावायला सांगितलंत. हसलात, खोकला येईपर्यंत हसलात.

"ह्योच ठेव," म्हणालात. "असं पुन्हा कुणालाच जमायचं न्हाय. मला बी."

मी म्हणाले, हा ठेवणार नाही. शेवट घेतला तेव्हा दुसरा तुकडाही घेतलाय, त्यात तुम्ही नुसता घास तोंडाशी नेलाय, तो लावते. तुम्ही विचारलंत, का. मी म्हणाले, तो अभिनय नाही म्हणून. लोक ज्याला हसतील ते काय आहे हे मला ठाऊक आहे म्हणून.

"तुला हसू येऊ नगं. त्यांना येऊ दे," तुम्ही म्हणालात. "त्या टायमाला मला घाम फुटला व्हता. तरी मी पाव्हण्याकडं बघून हसलो का न्हाय? ह्येच तर बापूरावाचं काम हाय. तू भितीस म्हणून त्यो घास कापून टाकणार?"

मी म्हणाले, हो, भिते म्हणून. आणि लॅपटॉप मिटला. कितीतरी दुपारी आपण यावर भांडलो. आत्यांना वाटायचं, सीरियलचं काहीतरी चाललंय. त्या खुश असायच्या, की तुम्ही भांडताय म्हणजे बरं चाललंय.

तुमच्या पोटाला नळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. प्रकाश औषधं आणायला गेला होता, आत्या आंघोळीला. मी नळीतून ताक कसं सोडायचं ते शिकत होते. तुम्ही माझ्या हातांकडं बघत होतात. तुम्ही म्हणालात, "मला मराणाचं काय बी भ्या न्हाय."

ताक हळूहळू खाली उतरत होतं.

मग तुम्ही म्हणालात, "न्हाय. खोटं बोललो. लय भ्या वाटतंय, पोरी. सांजच्याला जास्तच वाटतंय. तुझ्या आत्याला सांगता येत न्हाय, प्रकाश रडतो. तुला आधीपासनं ठाव हाय म्हणून तुला सांगतो."

मला धीराचं काहीतरी बोलायचं होतं. सगळं नीट होईल, असलं काहीतरी. ते ओठांवर आलं आणि तुमच्या तोंडाकडं बघून मी ते परत घेतलं. मी म्हणाले, "मामा, मलापण खूप भीती वाटते."

तुम्ही मान हलवलीत. बरं वाटल्यासारखी. "मग बस हितं," म्हणालात. "दोघं मिळून भिऊ."

आपण बसलो. बाथरूममधून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. सासरा आणि सून, एकमेकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा काही न करता बसलो होतो. त्या दिवसानंतर संध्याकाळ झाली की मी काही ना काही निमित्त काढून तुमच्या खाटेपाशी यायचे. कधी तूर निवडायला, कधी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला. तुम्ही डोळे मिटलेले असायचात, पण मी बसले की तुमच्या कपाळावरची आठी जरा सैल व्हायची. आत्या म्हणायच्या, सून किती सेवा करते. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटायचं की ही सेवा नाही, मी स्वतःसाठी बसते. एकटीनं भिण्यापेक्षा तुमच्याजवळ बसून भिणं सोपं होतं.

आता मी कुणाजवळ बसू, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

तुम्ही गेलात ते सकाळी, ऊन ओट्यावर आल्यावर. ज्या घटकेची मी इतके महिने वाट बघत भीत होते, ती आली तेव्हा मी दळणाचा डबा फळीवरून उतरवत होते. आत्यांनी बाहेरून हाक मारली, "वैशाली, ये गं." रोजच्या आवाजात. मी डबा नीट खाली ठेवला, झाकण लावलं आणि आले. तुमचा हात त्यांच्या हातात होता. आत्या मला म्हणाल्या, दूध परत ने, आता नको.

नंतर माणसं आली, येत राहिली. बहुतेक सगळ्यांनी बापूरावांचा एखादा तरी संवाद म्हणून दाखवला आणि मग डोळे पुसले. चॅनलवर अजून लोक विचारतात, मालक कुठं गेले, नवा भाग कधी. प्रकाश म्हणाला, लावून टाक, त्यांची इच्छा होती. आणि तो घास? तो म्हणाला, तू आणि ते बघून घ्या. एवढं बोलून तो बाहेर गेला.

परवा दुपारी आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, त्या जेवणाचं काय केलंय ते मला दाव. सगळं दाव, कापलेलं बी. मी टाळत होते. लाईट नाही म्हणाले, तर त्या म्हणाल्या, पंखा चालू हाय की. मामा, मला भीती वाटत होती, टाकीपाशी वाटली होती तशीच. त्यांनी तो घास बघितला तर काय होईल. त्यांना तो दिवस माहीत नव्हता. तुम्ही बारामतीला पोट साफ होत नाही म्हणून तपासायला गेलात आणि तिथं सापडलं, एवढंच आपण त्यांना सांगितलं होतं.

मी लावलं. सूप सांडलं, त्या हसल्या. काटा उडाला, त्या हसल्या आणि भारतभाऊंना नावं ठेवली. मग तो घास आला. तुम्ही चावलात, थांबलात, हात छातीवर गेला. आत्या हसायच्या थांबल्या. तुम्ही पाहुण्याकडं बघून हसलात, रुमाल लावलात, बोट वर केलंत, निघून गेलात. मागून सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं.

आत्या म्हणाल्या, "माझ्यासमूर बी असंच करायचे. पाणी आणतो म्हणून उठायचे, आन परसात जायचे."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. टाकीच्याही आधीपासून. त्या दाढ, दाढ म्हणत होत्या, माझ्यासारख्याच. एका घरात आपण तिघं एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

मी त्यांना आपलं भांडण सांगितलं. तुमचं म्हणणं सांगितलं, अगदी तुमच्याच शब्दांत, कमी न करता. माझंही सांगितलं. त्यांनी दोन्ही ऐकून घेतलं.

"त्यांचं खरं हाय. असं कुणाला जमायचं न्हाय," आत्या म्हणाल्या. "पर ह्ये लोकांना द्यायचं न्हाय. तू भितीस म्हणून न्हाय. ह्ये माझं हाय. त्यांनी आयुष्यभर सगळ्या गाडीला हसवलं, ते समद्यांचं. एवढं माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

तेव्हा मामा, तुम्ही हरलात आणि मीही हरले. भाग उद्या जाईल. त्यात तुम्ही घास नुसता तोंडाशी नेलाय, तो तुकडा आहे. शेवट तुम्ही केलात तसाच ठेवलाय, एक शब्दही न घालता. खरा घास आत्यांच्या मोबाईलवर टाकून दिलाय आणि कसा लावायचा ते त्यांना दाखवलंय. तुम्हाला राग आला असेल तर तो राहू दे जरा.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. नळी बसल्यापासून आत्यांनी तुमच्यासमोर एकदाही जेवण केलं नव्हतं. दार लोटून, चुलीपाशी उभ्या राहून, आवाज न करता काहीतरी पोटात ढकलायच्या. तुम्हाला वास येऊ नये म्हणून फोडणीसुद्धा बंद केली होती. तुम्ही गेल्यावरही त्यांची ती सवय सुटली नव्हती. दार लोटूनच जेवायच्या.

परवा लॅपटॉप मिटल्यावर त्या उठल्या, लसणाची फोडणी घातली, ताट वाढून घेतलं आणि ओट्यावर, तुमच्या जागेच्या शेजारी, उन्हात येऊन बसल्या. जाणारी-येणारी माणसं बघत होती. त्यांनी भाकरी मोडली, कोरड्यासाच्या वाटीत बुडवली आणि सावकाश खायला लागल्या. मी दारात उभी होते. वैशाली, बस की, असं त्या म्हणाल्या तरी मला बसवेना. त्यांचा एकेक घास गळ्यातून खाली उतरेपर्यंत मी बघत राहिले.